पिवळी बत्ती

उद्धव पिंपळशेंडेच्या टोपीवरची बत्ती पहिल्याच दिवशी पिवळी झाली आणि त्या पाळीत कोंढाळ्याच्या खाणीतून कोळशापेक्षा हसूच जास्त निघालं.

उद्धव हा पाळीचा सरदार. खाणीतला सरदार म्हणजे टोळीच्या आधी आत शिरणारा माणूस. त्याने लोखंडी सळईने छत ठोकून बघायचं; आवाज खणखणीत आला तर माणसांना आत घ्यायचं, पोकळ आला तर मागे फिरवायचं. उद्धवच्या शब्दावर माणसं डोळे मिटून आत जात. एकदा छत कोसळताना त्याने पोचमला मानगूट धरून बाहेर ओढलं होतं आणि लगेच हात झटकून जेवणाचा डबा उघडला होता, ही गोष्ट पोचम स्वतःच दर नव्या माणसाला ऐकवत असे. अशा माणसाच्या कपाळावर भीतीचा दिवा लागल्यावर टोळीने हसायचं नाही तर काय करायचं?

"काहो सरदार, घरी बाईनं रागावलं काय?" पोचम म्हणाला. तो ड्रिल चालवायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "हळद लागली तुमाले. आता लगन कोनासंगं?"

सगळे हसले. हसला नाही तो एकच, रोशन डाहुले. छताला बोल्ट मारायचं काम तो करी आणि तो उद्धवचा जावई होता. त्याने नजर खाली वळवली आणि बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी बांधलेलीच होती. उद्धवला हसणाऱ्यांपेक्षा त्या नाडीचाच जास्त राग आला.

ही टोपी तयार केली होती नागपूरच्या डॉ. फरहाना काझी यांनी. उघड्या खाणींमधला कोळसा संपत आला होता, वीज तर सगळ्यांना हवीच होती, म्हणून वर्धा नदीच्या काठच्या बंद पडलेल्या भूमिगत खाणी पुन्हा सुरू झाल्या होत्या. जुन्या छतांखाली माणसं पुन्हा मरू लागली होती. दर अपघातानंतर 'कामगारांमध्ये धोक्याची जाणीव कमी आहे' असं अहवालात येई. मग भिंतींवर फलक लागत, प्रशिक्षण होई, परीक्षा होई आणि परीक्षेत झाडून सगळे पास होत. कागदावर जाणीव शंभर टक्के असे, आणि छत आपलं पडायचं तेव्हा पडे.

टोप्या वाटण्याआधी डॉक्टरबाईंनी टोळीला प्रशिक्षण केंद्रात बसवून सगळं समजावलं होतं.

"छत एकदम पडत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पडण्याआधी दगडाच्या आत बारीक बारीक तडे जात असतात. त्या तड्यांचा आवाज होतो, अगदी हलका. यंत्रांच्या गोंगाटात तो ऐकला असं तुम्हाला वाटतही नाही. पण कान ऐकतो. तुमचा मेंदू पुढचा आवाज कसा असेल याचा अंदाज सतत बांधत असतो. अंदाज चुकला, की डोळ्याची पापणी लवायच्या आत मेंदूत विजेची एक लहानशी लाट उठते. तुमचं लक्ष दुसरीकडे असलं तरी उठते. घरात पंखा चालू असतो तोवर तुम्ही गाढ झोपता आणि तो बंद पडला की जागे होता, ते याच्यामुळेच."

टोपीच्या आत कपाळाला आणि कानशिलांना टेकणाऱ्या धातूच्या टिकल्या होत्या. त्या ही लाट पकडत. बाहेरच्या अंगाला एक छोटा मायक्रोफोन होता. लाट उठली त्या क्षणी छतातून काही आवाज आला होता का, हे टोपी ताडून बघे, आणि दोन्ही जुळलं की कपाळावरची हिरवी बत्ती पिवळी होई. एकट्या माणसाचा मेंदू फसू शकतो, म्हणून एका जागच्या तिघांच्या बत्त्या पिवळ्या झाल्या तरच भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी बाहेर पळायचं.

"मंग छतालेच मशीन लावा ना बाई," पोचम म्हणाला होता. "आमचं डोस्कं काहून पायजे?"

"लावून पाहिलं. ते दिवसभर ओरडतं. कुठला आवाज साधा आणि कुठला घातकी, हे त्याला कळत नाही. तुमच्या मेंदूला कळतं, कारण तो वर्षानुवर्षं इथंच शिकलाय. माणूस जितका जुना, तितकी त्याची लाट स्पष्ट. या खाणीतलं सगळ्यात चांगलं यंत्र म्हणजे तुमचे पिंपळशेंडे सरदार."

ते ऐकून उद्धवची छाती फुगली होती. पिवळी बत्ती सगळ्यात आधी आपल्याच कपाळावर लागणार, असा त्याचा अर्थ होतो, हे काही तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. बत्ती कपाळावर ठेवली होती ती चांगल्या हेतूनेच, एकाची दुसऱ्याला दिसावी म्हणून. प्रयोगशाळेत ते ठीकच होतं. प्रयोगशाळेत कोणी कोणाचा सासरा नसतो.

बत्ती दुसऱ्या दिवशीही पिवळी झाली, आणि तिसऱ्याही. टोळीत त्याचं नाव 'हळद्या सरदार' पडलं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तो वळला की पाठीमागे खसखस पिकायची. छत ठोकताना पूर्वी सगळे त्याच्या सळईकडे बघत, आता कपाळाकडे बघत.

सुटीच्या दिवशी मुलगी आणि जावई जेवायला आले. वनिता, त्याची मुलगी, खाणीच्या बत्तीघरात नोकरीला होती. पाळीवर जाणाऱ्यांना टोप्या द्यायच्या, पाळी सुटली की परत घ्यायच्या, चार्जिंगला लावायच्या, हे तिचं काम. टोप्यांनी दिवसभरात काय टिपलं ते तिला पडद्यावर दिसे.

"बाबा, तुमची टोपी सगळ्यायच्या वरचढ हाये," ती भाकरी मोडता मोडता कौतुकाने म्हणाली. "काझी मॅडम म्हणे, अशी लाट त्यायनं कोनाचीच पायली नाही."

उद्धवने नजर ताटात वळवली. रोशनला वाटलं, सासऱ्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं.

"माझी बी होते कधीकधी पिवळी, मामाजी. त्यात काय एवढं?"

जावयाने सासऱ्याला धीर द्यायचा, असा प्रकार उद्धवने आजवर पाहिला नव्हता. ज्याच्या हातात मुलगी दिली, ज्याला खाणीत कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही हे बोट धरून शिकवलं, तो पोरगा आता आपल्याला सांभाळून घेतो आहे. त्याचे कान गरम झाले. घास तोंडात फिरत राहिला. बायकोने, पारबताने, भाजीत मीठ कमी झालं का म्हणून विचारलं, तर तो तिच्यावरच खेकसला आणि ताटावरून उठला.

आता खर्ऱ्याबद्दल सांगायला हवं. खाणीत वायू असतो, म्हणून काडेपेटी आणि विडी आत न्यायला सक्त मनाई. तोंडाशीच खिसे तपासतात. त्यामुळे जमिनीखाली माणसाला विरंगुळा एकच, खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून बराच वेळ घोटायचा आणि चिमूट चिमूट सगळ्यांनी घ्यायचा. घोटतो एक, खातात सगळे. वर ज्यांचं एकमेकांशी पटत नाही तेही खाली एकाच पन्नीतला खर्रा खातात. उद्धवने मात्र वनिताच्या लग्नाआधी तो सोडला होता. त्याच्या गालात आतून पांढरे चट्टे आले होते आणि तोंड नीट उघडत नव्हतं. डॉक्टरांनी पुढे काय होऊ शकतं ते स्पष्ट सांगितलं, आणि वनिताने स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिने नवराही बिनखर्ऱ्याचाच बघून केला.

"घ्या सरदार, थोडासा," एक दिवस पोचमने पन्नी पुढे केली. "हळद उतरन."

चेष्टाच होती. पण त्या दिवशी उद्धव इतका चिडलेला होता की त्याने चिमूट उचलून गालात टाकली. त्या पाळीत त्याची बत्ती एकदाही पिवळी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खर्रा घेतला नाही; बत्ती पिवळी. मग पुन्हा घेतला, हिरवी. कारण त्याला माहीत नव्हतं, पण ते साधंच होतं. चघळताना जबड्याचे जे स्नायू हलतात ते वर कानशिलापर्यंत पोचलेले असतात, आणि त्यांची वीज मेंदूच्या त्या चिमुकल्या लाटेपेक्षा कितीतरी पटीने मोठी असते. लग्नाच्या बँडसमोर उभं राहून कोणी कानात काही सांगावं, तसं टोपीचं होई. आणि वाचता येईनासं झालं की टोपी बत्ती हिरवीच ठेवी. 'कळत नाही' यासाठी वेगळा रंग द्यायचं डॉक्टरबाईंना सुचलं नव्हतं. ज्यांच्यावर टोपी तपासली ते सगळे तोंड मिटून, शहाण्यासारखे खुर्चीत बसणारे लोक होते.

आपण काय करतो आहोत हे उद्धवला पुरतं कळत होतं. पहिले काही दिवस खर्रा गालात ठेवताना मुलीच्या डोक्यावर ठेवलेला हात त्याला आठवे आणि लाज वाटे. पण सळई घेऊन पुढे उभं राहिल्यावर टोळी पुन्हा पूर्वीसारखी गप्प होई, पुन्हा सळईकडे बघे. त्या गप्प बसण्यापुढे लाज मागे पडली.

टोळीला उमगायला वेळ लागला नाही. पिवळ्या बत्तीचा चटका सगळ्यांनाच थोडाफार बसत होता. ज्याने त्याने खर्रा वाढवला. पूर्वी पाळीत दोन-तीनदा खाणारे आता आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत जबडा हलवत राहू लागले. सरदारच चघळतो म्हटल्यावर विचारणार कोण? एकटा रोशन तेवढा खात नसे. त्याची बत्ती अधूनमधून पिवळी होई, भोंगा काही वाजत नसे आणि हसणाऱ्यांना हसायला एक जागा मिळे.

वरच्या ऑफिसात मात्र आनंदीआनंद होता. सगळ्या खाणीत उद्धवच्या टोळीच्या बत्त्या सर्वांत कमी पिवळ्या होत, म्हणजे तिथे धोका सर्वांत कमी, असा हिशेब साहेबांनी लावला. सुरक्षा सप्ताहात उद्धवला शाल मिळाली, फोटो निघाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत वनिताही होती. ती टाळ्या वाजवत होती, पण बापाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो टोपी द्यायला बत्तीघराच्या खिडकीशी आला. तिने टोपी घेतली, हनुवटीचा पट्टा नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"बाबा, तोंड उघडा."

"काहून?"

"उघडा ना."

मागे माणसं रांगेत उभी होती. उद्धव ओठ मिटूनच हसला. "काय पोट्टे, माझी तपासणी करून रायली काय?" तो मागे वळून रांगेला म्हणाला आणि रांग हसली.

"तुमी माझी शपथ घेतली होती," ती हळू आवाजात म्हणाली.

"घेतली होती, पाळून रायलो. पोचमच्या तोंडचा वास असन तो. लहान जागा असते खाली."

वनिता त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने टोपी उचलून चार्जिंगच्या खणात ठेवली. बापाला खोटं ठरवण्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवणं तिला सोपं वाटलं असावं. उद्धव घरी गेला, नळाखाली खूप वेळ गुळण्या करत राहिला आणि त्या दिवशी मुलीशी फोनवर बोलला नाही.

पुढे खांब काढायचं काम आलं. खाणीत छत तोलून धरायला कोळशाचे मोठमोठे खांब सोडलेले असतात. खाण संपत आली की तेही काढून घेतात आणि मागचं छत हळूहळू बसू देतात. भूमिगत कामातलं हे सर्वांत वाईट काम. छत कधी, कुठून आणि किती बसेल याचा नेम नसतो. म्हणून खांब काढलेल्या जागेच्या तोंडाशी छताला आधी बोल्ट मारून घ्यायचे असतात, आणि ते मारणारा माणूस इतरांच्या पुढे उभा असतो.

त्या सकाळी रोशन मशीन घेऊन पुढे झाला आणि थांबला. त्याची बत्ती पिवळी झाली होती. ती हिरवी झाली, पुन्हा पिवळी झाली, आणि मग तशीच राहिली.

"मामाजी," तो म्हणाला, "थोडं थांबून पाहू काय? मले काही बरं वाटून नाही रायलं."

उद्धवने सळई उचलून छत ठोकलं. आवाज खणखणीत नव्हता आणि अगदी पोकळही नव्हता. त्याच्या मानेच्या मागे गार पडलं. हे त्याच्या ओळखीचं होतं. पोचमला ओढून काढलं त्या दिवशी हेच झालं होतं. आपोआप त्याचा जबडा भराभर हलू लागला. त्याने मागे वळून टोळीकडे पाहिलं. सगळ्यांच्या बत्त्या हिरव्या होत्या. त्या हिरव्या का आहेत हे त्याला माहीत होतं, आणि तरीही त्याला वाटलं की यांना काहीच वाटत नाहीये, वाटतंय ते फक्त आपल्याला आणि या पोराला. नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं. माणसं मागे घ्यायचा सरदाराला हक्क आहे, कारण सांगावं लागत नाही. पण हिरव्या बत्त्यांसमोर, जावयाच्या सांगण्यावरून आपण मागे फिरलो, ही गोष्ट पोचम कशी रंगवून सांगेल ते त्याला आधीच ऐकू येऊ लागलं.

"जवाई," तो मोठ्याने म्हणाला, "माझी पोरगी बत्तीघरात बसते. तुमी बी तिथंच एक खुर्ची मागून घ्या. दोघं मिळून बत्त्या पुसत बसा."

टोळी खो खो हसली. रोशनने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग तो मशीन घेऊन पुढे गेला आणि पहिला बोल्ट लावायला त्याने हात वर केले.

छत पडलं तेव्हा मोठा आवाज असा झालाच नाही, झाला तो वाऱ्याचा जोराचा धक्का. सगळे मागे आपटले. धुळीने काही दिसेना. तोंडं उघडीच राहिली आणि चघळणं थांबलं. मग त्या धुळीत एक पिवळी बत्ती दिसली, मग दुसरी, मग एकेक करत सगळ्यांच्या कपाळावरच्या बत्त्या पिवळ्या झाल्या आणि भोंगा वाजायला लागला. पोचम रडत होता. उद्धव ढिगाऱ्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी दगड उपसत होता. खालून रोशनचा आवाज येत होता, म्हणजे तो जिवंत होता.

चंद्रपूरच्या दवाखान्यात रोशनचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीला इंगोले नावाचे अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता, आवाज चढवत नव्हता. त्यांच्याकडे सगळ्या टोप्यांची टिपणं होती आणि टिपणांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. टोळीतल्या इतर कोणाच्याही मेंदूला धोका जाणवला नाही, सरदारालासुद्धा नाही. त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. जाणवला फक्त रोशन डाहुलेला. त्याची बत्ती पुन्हा पुन्हा पिवळी झाली होती. धोक्याची जाणीव असूनही तो पुढे गेला, म्हणून अपघाताला तो स्वतः जबाबदार. असा शेरा बसला की खाणीत वरचं बसून करायचं कामही त्याला मिळणार नव्हतं. ज्या एका माणसाला कळलं, त्यालाच कळलं म्हणून धरलं जात होतं.

डॉक्टरबाई इंगोल्यांबरोबर आल्या होत्या. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात त्या उद्धवजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या सगळ्यांच्या टिपणांत जबड्याची वीज भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "मी ते साहेबांना दाखवलं. ते म्हणतात, माणसं बोलत असतील, दात खात असतील, त्यावरून काय सिद्ध होतं? आणि त्यांचं चूक नाही. टोपी एवढंच सांगू शकते की तिला वाचता आलं नाही. तुम्हाला आत काय वाटलं ते तुम्हीच सांगू शकता. न वाचता आलेल्या बत्तीला हिरवा रंग मी दिला, सरदार. ते मी लिहून दिलंय. मला रात्री झोप लागत नाही."

उद्धवने मान खाली घातली. शिकलेली बाई आपली चूक इतक्या सरळ बोलते, आणि आपण जावयाला रोज पाणी पाजतो, त्याची उशी सारखी करतो आणि तोंड मिटून असतो. अपघातापासून खर्ऱ्याला त्याने हात लावला नव्हता. तरी तोंड काही उघडत नव्हतं.

आत इंगोले खाटेजवळच्या खुर्चीत बसले होते. वनिता पलीकडे स्टुलावर होती. अपघात झाल्यापासून ती नवऱ्याजवळून हलली नव्हती आणि डोळ्यांखाली तिचा चेहरा काळवंडला होता.

"डाहुले, तुमच्या सरदारांनी तुम्हाला पुढे जायला सांगितलं होतं का?" इंगोल्यांनी विचारलं.

उद्धव दारातच थांबला. रोशनला तो दिसला.

"नाही साहेब," रोशन म्हणाला. "मामाजी थांबा म्हणाले होते. मीच गेलो."

"नक्की?"

"हो साहेब. मलेच घाई झाली होती."

"पाहा ना," वनिता एकदम बोलली, आणि रडवेल्या रागाने नवऱ्याकडे वळली. "बाबा थांबा म्हनत होते तरी तुमी गेले. तुमची बत्ती पिवळी, बाबा नाही म्हनत होते, अजून काय पायजे होतं तुमाले? माझा तरी इचार करायचा होता."

रोशनने डोळे मिटून घेतले.

उद्धवला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. जमिनीच्या पोटात त्याने आयुष्य काढलं होतं, पण असं वाटलं ते पहिल्यांदाच. पोरगा त्याची अब्रू झाकत होता, स्वतःचा पाय आणि नाव घालवून. आणि पोरगी बापाच्या बाजूने नवऱ्याला बोल लावत होती. दोघांनीही त्याला मोठं मानलं होतं. इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती. पिवळ्या बत्तीची शरम याच्यापुढे काहीच नव्हती. आता नुसतं गप्प राहिलं की सगळं त्याच्या बाजूनेच होणार होतं.

तो आत आला.

"साहेब, तो खोटं बोलून रायला," तो म्हणाला. "मी थांब म्हटलं नाही."

"मामाजी, राहू द्या ना," रोशन म्हणाला.

"मले भेव वाटलं होतं, साहेब." हे वाक्य उद्धवच्या तोंडून बाहेर पडायला फार वेळ लागला. "त्याच्याइतकंच वाटलं होतं. छत बरोबर बोलत नव्हतं. माझ्या मानेपासून खालपर्यंत गार झालं होतं. बत्ती हिरवी होती कारन माझ्या तोंडात खर्रा होता. बत्ती पिवळी होऊ नये म्हनूनच खात होतो. पयले मीच सुरू केलं, मंग सारी टोळी खायला लागली. हा एकटा खात नव्हता. तिघायच्या पिवळ्या झाल्या असत्या तं भोंगा वाजला असता. याची होतीच, माझी आन् आनखी कोना एकाची."

वनिता उठून उभी राहिली होती.

इंगोल्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हा थांबू म्हणाला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

उद्धवने एकदा मुलीकडे पाहिलं. मग त्याने ते वाक्य सांगितलं, पोरीच्या, खुर्चीच्या, बत्त्या पुसण्याच्या सगळ्या शब्दांसकट, आणि टोळी हसली तेही सांगितलं.

पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने खोकायचं थांबवलं.

"सरदारकीचं प्रमाणपत्र जाईल तुमचं," इंगोले अखेर म्हणाले. "कदाचित त्याहून जास्त होईल. हे सगळं सहीनिशी द्याल?"

"देतो."

इंगोले उठले आणि डॉक्टरबाईंना शोधायला बाहेर गेले. खाटेजवळची खुर्ची रिकामी झाली. रोशनने तोंड भिंतीकडे वळवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. वनिताने स्टूल उचललं, खाटेला वळसा घालून नवऱ्याच्या तोंडासमोर ठेवलं आणि बापाकडे पाठ करून बसली. तिने रोशनचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला काहीतरी सांगू लागली, इतक्या हळू की उद्धवला ते ऐकू आलं नाही.

पाणी आणायला हवं होतं. औषधाची वेळही झाली होती. रोज ते तोच करत असे, पण आता करावं की नाही हे त्याला कळेना. तो खुर्चीजवळ उभा होता. त्याला कोणी बसा म्हटलं नाही, आणि तो बसला नाही.